काट्याची डावी बाजू

यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागतं. इथे गाडीची लायकी तीन प्रश्नांत ठरते: किती क्विंटल कापूस नेते, लिटरला किती चालते आणि पावसाळ्यात वावरात फसली तर चौघांत निघते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. अशा गावात एका हौशी गृहस्थाने जुन्या बाजारातली मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आणून उभी केली. गावात त्याला सगळे भाऊ म्हणतात, इथेही भाऊच म्हणू. तिन्ही प्रश्नांना गाडीकडे धड उत्तर नव्हतं. पण तिच्या बॉनेटखाली सुपरचार्जर होता, आणि भाऊला तेवढं पुरेसं होतं.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंजिन आपल्या ओढीने जेवढी हवा घेईल त्याहून जास्त हवा तो आत कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. या पंपाचं मूळ मोटारीत नाही, लोकरीच्या गिरणीत आहे. अमेरिकेतल्या कॉनर्सव्हिल गावी रूट्स आडनावाच्या दोन भावांची गिरणी होती. पाणचक्कीला पर्याय म्हणून त्यांनी एकमेकांत गुंतून फिरणारे दोन लोळे बनवले. चाचणीच्या वेळी त्या यंत्राच्या वाऱ्याने मुकादमाची टोपी उडाली आणि हे पाण्यापेक्षा हवेच्या कामाचं आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं, असं सांगतात. टोपीची कथा खरी-खोटी कशीही असो, १८६० चं पेटंट खरं आहे. पुढे १९२१ मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या मोटारी विक्रीला काढल्या आणि भाऊच्या गाडीतही रूट्स जातीचाच पंप बसला.

मराठी घरात सुपरचार्जर आणणारा भाऊ काही पहिला नव्हे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे मागवली होती. इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. कंपनी तिची ताकद ३२० अश्वशक्ती सांगत असे. या जातीच्या ड्यूसेनबर्गच्या डॅशबोर्डवर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटासुद्धा असायचा. गाडी डोंगर चढते आहे हे खिडकीतून दिसत असतानाही संस्थानिकाला ते काट्यावर वाचायला मिळे.

भाऊलाही काटाच हवा होता. मर्सिडीजच्या डॅशबोर्डवर सुपरचार्जरचा दाब दाखवणारं काही नव्हतं, आणि जे दिसत नाही ते पाहुण्यांना दाखवायचं कसं? म्हणून बूस्ट गेज आला. काळी तबकडी, लाल काटा, मध्ये शून्य, उजवीकडे दाब, डावीकडे पाऱ्याच्या इंचांत व्हॅक्यूम.

बसवायला तसं काही अवघड नसतं. इनटेक मॅनिफोल्डकडच्या एका व्हॅक्यूम नळीत टी टाकायची, तिथून बारीक नळी फायरवॉलमधल्या रबरी बुचातून आत घ्यायची, दिव्याची वायर जोडायची. मात्र टी थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या अंगाला हवी. मिस्त्रीने ती हाताला सोपी पडली तिथे, म्हणजे थ्रॉटलच्या अलीकडे टाकली. काटा शून्यावर बसला तो हलेना. जमलेल्या मंडळींनी गेज नकली ठरवला. मिस्त्रीने मुकाट्याने टी हलवली, गाडी सुरू केली आणि काटा सपकन डावीकडे जाऊन अठराच्या आसपास थांबला.

“मिस्त्री, हा उलटा जाऊन रायला ना!”

“उलटा नाही भाऊ, गाडी उभी हाये. इंजिन हवा ओढून रायलं, अन् थ्रॉटल बंद. दाब कुठून येईन?”

शेजारचे काकाजी पुढे वाकले. “म्हणजे एवढे पैसे लावून रिकामपन मोजतं काय हे?”

काकाजींनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलं होतं. बाभुळगावातून बाहेर पडेपर्यंत गतिरोधक, बैलबंड्या, शाळा सुटलेली पोरं आणि रस्त्याच्या मधोमध उभी गाय. या साऱ्यात काटा शून्याच्या उजवीकडे येण्याचं कारणच नाही. ओव्हरटेक करताना पाय दाबला की तो एखाद्या क्षणासाठी उजवीकडे झेप घेई, आणि नेमक्या त्याच क्षणी भाऊला समोरच्या ट्रककडे बघावं लागे. झेपही किती, तर कारखान्यातून सुपरचार्जर घेऊन येणाऱ्या साध्या गाड्यांत सात ते दहा पीएसआयच्या आसपास. सायकलच्या ट्यूबमध्ये याहून जास्त हवा राहते, हे पंक्चरवाल्याने सांगितलं तेव्हा भाऊने विषय बदलला.

त्यातून काटा खरं बोलतो तेही अर्धंच. तो मॅनिफोल्डमध्ये दाटलेली हवा मोजतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अजून न शिरलेली. इंजिनाच्या वाटा मोकळ्या केल्या तर हवा पटापट आत जाते, ताकद वाढते आणि काटा खाली येतो. उलट दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेत तेवढ्याच दाबाला प्राणवायू कमी. मे महिन्यातल्या विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांत आकडा डिसेंबरचाच दिसेल, गाडी मात्र डिसेंबरसारखी पळणार नाही.

पण भाऊची खरी ओढ होती आवाजाची. व्हिडिओतल्या गाड्या पाय सोडला की “फुस्स” करतात. आपली गप्प का?

गप्प असते याचं कारण बायपास व्हॉल्व्ह, आणि सुपरचार्जरच्या सगळ्या खटाटोपात हाच सर्वांत शहाणा भाग. पट्ट्यावरचा पंप इंजिनाबरोबर सतत फिरतो. थ्रॉटल बंद झालं तरी हवा ढकलतच राहतो. ती हवा जाणार कुठे? बायपासची झडप उघडते आणि तीच हवा परत पंपाच्या तोंडाशी सोडते. हवा गोल फिरत राहते, तापत नाही, इंजिनाची ताकद फुकट जात नाही. भरल्या धरणाचा सांडवाच हा, फक्त सांडलेलं पाणी पुन्हा धरणातच येतं. बऱ्याच गाड्यांत ही झडप व्हॅक्यूमवर चालते. भाऊच्या गाडीत ती संगणकाच्या हुकमावर फिरते. थोडक्यात, एवढं महागडं यंत्र दिवसातला बहुतेक वेळ काहीही करू नये, याची व्यवस्थाही गाडीतच आहे.

“फुस्स” होतं ते हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं, आणि ते बहुधा टर्बोवाल्यांचं कौतुक. मिस्त्रीने हे सांगून पाहिलं. भाऊने तरी एक व्हॉल्व्ह मागवून लावून घेतला. आता झालं असं की गाडीच्या सेन्सरने आत आलेली हवा आधीच मोजली होती आणि संगणकाने तेवढं पेट्रोल सोडलं होतं. हवा वाटेतच पळाली. मागे काळा धूर, प्लगवर काजळी, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. आवाज आला, नाही असं नाही. पण चौकातल्या लोकांना वाटलं, ट्रकचा एअर ब्रेक सुटला.

काकाजींचा नातू कायद्याचा अभ्यास करतो. त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं: नोंदणी प्रमाणपत्राशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैदेपेक्षा “प्रत्येक” या शब्दाने भाऊ जास्त हबकला. व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी उतरला.

गेज राहिला. काही महिन्यांनी उभ्या गाडीत अठरावर बसणारा काटा चौदापर्यंत येऊ लागला, तेव्हा भाऊने ती यवतमाळच्या उंचीची करामत मानली. मिस्त्रीने हिशेब घातला: हजार फूट चढल्यावर काटा जेमतेम इंचभर उतरतो, चार इंच उतरायला यवतमाळ नव्हे, महाबळेश्वर लागेल. साबणाचं पाणी शिंपडून शोधलं तर एका जुन्या नळीला चीर. नळी बदलली, काटा पुन्हा अठरावर.

तेव्हापासून मिस्त्रीची नजर त्या गेजवर आहे. कोणाची जुनी मारुती ८०० अडखळत आली की तो भाऊकडून काटा मागून आणतो, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत डावीकडचा आकडा स्थिर करतो आणि संध्याकाळी परत देतो. भाऊ भाडं घेत नाही. फक्त गेज कोणत्या गाडीचा, ते गिऱ्हाइकाला सांगायची अट आहे.