मंदगती स्कॅनरची रीतसर चौकशी

ज्या गृहस्थाच्या संगणकावर लिनक्स नांदत आहे, ज्याने यूएसबीच्या तारेने त्याला एक स्कॅनर जोडला आहे, आणि ज्याला त्या स्कॅनरच्या काचेवर खरेदीखताचे एक पान पालथे घालून, ते पडद्यावर उमटेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून परत येता येते, अशा गृहस्थाच्या मार्गदर्शनार्थ पुढील कलमे सादर आहेत. उतावळ्यांसाठी ती नाहीत. उतावळ्यांसाठी बाजारात नवा स्कॅनर मिळतो, आणि तोही मधल्या त्याच जुन्या यूएसबी हबला जोडल्यावर तितक्याच सावकाशीने चालून मालकाला वैराग्याचा पहिला पाठ देतो.

चौकशीच्या आरंभी काही कर्मे निषिद्ध मानावीत. संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू करणे, दिसेल ती आज्ञा रूटच्या शिक्क्यानिशी चालवणे, लिनक्सचे एक वितरण काढून दुसरे बसवणे, आणि गेल्या दिवाळीत ‘मामा, हे फुकट आहे’ असे सांगून ते बसवून गेलेल्या भाच्याला भर रात्री फोन करणे, या चार उपायांनी आजवर मनाचा क्षोभ पुष्कळ शमला असेल, पण मंदपणा जागचा हललेला नाही. कारण या चौघांतही गुन्हेगार पकडण्याची घाई असते, आणि गुन्हा कोणत्या प्रहरी घडला याचा तपास मात्र कोणी केलेला नसतो.

कलम 1 : फिर्याद. ‘स्कॅनर मंद आहे’ ही फिर्याद दफ्तरी दाखल करून घेण्याजोगी नव्हे. घड्याळ समोर ठेवून चार काळ निरनिराळे मोजावेत : बटण दाबल्यापासून यंत्रात पहिली हालचाल होईपर्यंतचा, दिवा तापण्याचा, पान वाचले जाण्याचा, आणि वाचून झाल्यावर चित्र साठवले जाण्याचा. या चार विलंबांचे नाव एक असले तरी त्यांची घरे निराळी आहेत, आणि एकाच्या घराची झडती घेऊन दुसऱ्याच्या घरातला ऐवज सापडत नाही.

कलम 2 : हालचालीपूर्वीचा विलंब. पहिल्याच काळात मिनिटभर खर्ची पडत असेल तर स्कॅनर सकृद्दर्शनी निर्दोष समजावा, कारण त्याला अद्याप कोणी हाकच मारलेली नसते. लिनक्सवर स्कॅनरांचा कारभार ‘सेन’ नावाच्या व्यवस्थेकडे आहे, आणि तिच्या पदरी निरनिराळ्या यंत्रांचे जाणकार असे कित्येक डझन बॅकएंड आहेत. आपले यंत्र कोणाच्या अखत्यारीत येते हे ठरवण्यासाठी ही व्यवस्था ‘/ईटीसी/सेन.डी’ या दप्तरातील ‘डीएलएल.कॉन्फ’ नामक हजेरीपट हाती घेऊन एकेका कारकुनापाशी जाते आणि ‘हे प्रकरण आपल्या टेबलाचे काय?’ असे अदबीने विचारते. बहुतेक जण तत्काळ नकारार्थी मान हलवतात. परंतु ज्यांचा संबंध नेटवर्कवरील स्कॅनरांशी येतो असे काही जण घरातल्या वायफायवर हाकाटी करून, उत्तर देणारे कोणी नसतानाही, मुदत संपेपर्यंत वाट पाहत बसतात. ‘टाइम’ हा शब्द आधी लावून ‘स्कॅनइमेज -एल’ ही आज्ञा, त्यातला एल मोठ्या लिपीत घालून, चालवावी, म्हणजे या शिष्टाचारात किती सेकंद गेले ते उघड होते. मग हजेरीपटाची नक्कल काढून ठेवावी, आणि आपल्या यंत्राचा बॅकएंड तेवढा सोडून बाकीच्या नावांच्या आधी ‘#’ हे चिन्ह घालून त्यांना बिनपगारी रजेवर पाठवावे. बडतर्फ कोणालाच करू नये. पुढेमागे दुसरा स्कॅनर घरात आला तर तेच चिन्ह पुसून त्यांना पुन्हा रुजू करून घेता येते.

कलम 3 : दिवा. जुन्या सीसीडी जातीच्या स्कॅनरांत कोल्ड-कॅथोड नळी असते, आणि तिचा प्रकाश स्थिर होईपर्यंत यंत्र पानाकडे ढुंकूनही पाहत नाही. एलईडीवर चालणाऱ्या सीआयएस जातीत ही अडचण नाही. नळी तापण्याच्या वेगावर लिनक्सचा अंमल चालत नसल्याने येथे तपास बंद करावा.

कलम 4 : वाटेतला विलंब. दिव्याची गाडी पुढे जाते, थबकते, किंचित मागे येते आणि पुन्हा पुढे सरकते, असे दृश्य दिसल्यास यंत्राला पश्चात्ताप होत आहे असे समजू नये. त्याने वाचलेला माल संगणक वेळेवर उचलत नाही, आतली साठवण भरली आहे, म्हणून गाडीला थांबावे लागते आणि तुटलेली ओळ नेमकी सांधण्यासाठी मागे यावे लागते. आता वाटेचा पंचनामा करावा. ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा जोडलेल्या सर्व उपकरणांची वंशावळ छापते आणि प्रत्येकापुढे त्याचा वेग लिहिते : 12एम, 480एम किंवा 5000एम. 1998 सालच्या यूएसबी 1.1 ची मजल सेकंदाला 12 मेगाबिटांची, 2000 सालच्या यूएसबी 2.0 ची 480 मेगाबिटांची. ए-4 आकाराचे पान इंचाला 300 बिंदूंनी रंगीत वाचले तर 2,480 गुणिले 3,508 बिंदू, प्रत्येकी 3 बाइट, असा सुमारे 2 कोटी 61 लाख बाइटांचा माल होतो. 12 मेगाबिटांच्या वाटेने सेकंदाला प्रत्यक्षात 10 लाखांच्या आसपासच बाइट जात असल्याने त्याला 26 सेकंद लागणारच, आणि 600 बिंदू मागितले की माल चौपट होऊन पावणेदोन मिनिटे. मूळचा 480 चा स्कॅनर 12 च्या रांगेत उभा आढळला, तर दोष बहुधा मधल्या जुनाट हबचा किंवा जीर्ण तारेचा असतो. उपकरण पूर्ण वेगाने चालत नाही, ते वेगवान हबला जोडावे, अशा अर्थाची नोंद कर्नलने ‘डीमेसेज’च्या रोजनाम्यात पुष्कळदा आधीच केलेली असते, पण रोजनामा वाचण्याची वहिवाट आपल्याकडे नाही. हब काढून आखूड, धडक्या तारेने स्कॅनर थेट संगणकाला जोडावा. यंत्र जन्मानेच यूएसबी 1.1 चे असेल तर या निर्णयावर अपील नाही.

कलम 5 : निद्रा आणि रुसवा. लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी नेमलेली काही सॉफ्टवेअरे रिकाम्या दिसणाऱ्या यूएसबी उपकरणाला झोपवतात. तसे आढळल्यास त्या उपकरणाच्या ‘पॉवर/कंट्रोल’ या खात्यात ‘ऑटो’च्या जागी ‘ऑन’ लिहावे. काही वृद्ध स्कॅनर यूएसबी 3 च्या निळ्या खाचेत रुसून बसतात. त्यांना दुसऱ्या खाचेत हलवून पाहावे, अथवा ‘सेन_यूएसबी_वर्कअराउंड’ या चलाचे मूल्य 1 करून त्यांची समजूत घालावी.

कलम 6 : हाव. वीजबिलासाठी 1200 बिंदू मागणाऱ्या गृहस्थाने 41 कोटी 76 लाख बाइट मागवलेले असतात, ते पीएनजीत दाबून बसवण्याचा आणि वर अक्षरओळख करून घेण्याचा भार त्याच संगणकावर टाकलेला असतो, आणि मग तो तारेला शिव्या देतो. रंगाऐवजी करड्या छटा घेतल्या तर माल एक-तृतीयांश होतो.

निकाल. एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर घड्याळ लावावे आणि आकडा लिहून ठेवावा. दोन बदल एकदम करणाऱ्याचा स्कॅनर सुधारला तरी का सुधारला हे त्याला कधीच कळत नाही. छापील मजकुराला 300 बिंदू आणि करडा रंग पुरेसा आहे. याहून अधिकाची मागणी करणाराने मंदपणाची फिर्याद आणल्यास ती खर्चासह फेटाळण्यात यावी.