आपण, आम्ही आणि बसून घ्या

'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की बाहेर. मराठीची ही सोय आमच्या जिल्ह्याइतकी कुणी राबवली नसेल. 1950 च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा 'आपला कारखाना' हे शब्दशः खरं होतं. पुढे जिल्हाभर धुराडी वाढली, व्याकरणही सुधारलं. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. सर्वनामं जुनीच राहिली.

कुठलीही वार्षिक सभा ऐका. डिस्टिलरी कुणी आणली? आम्ही. कर्ज कुणाला झालं? आपल्याला. ऊस बाहेर कुणी घातला? तुम्ही. वाटोळं केलं ते 'त्यांनी'. नाव घ्यायचं नाही, कारण निवडणुकीपर्यंत ते 'आपले' व्हायचे असतात. (खंडोबाला बिनदिक्कत 'तू' म्हणणारा सभासद चेअरमनला तसं म्हणून बघेल काय?)

तो मागच्या रांगेतून एवढंच विचारतो, "माझं बिल?"

व्यासपीठावरून अदबीने उत्तर येतं, "आपण जरा बसून घ्या." हा 'आपण' आदरार्थी. यात बोलणारा नसतो.