रोजच्याला परवडणारा सिगार

पुण्याचा एक मित्र हल्ली सिगारच्या शोधात असतो. सौम्य हवा, रोज परवडायला हवा आणि बाहेरचं पान कनेक्टिकटचं, कापडी छपराच्या सावलीत वाढलेलं! गुंडाळणाऱ्या पानातच सगळी गंमत असते म्हणे.

अहो, पानाचंच म्हणत असाल तर मे महिन्यात गडचिरोलीला या. उन्हाळ्याच्या तोंडी टेंभुर्णीची झुडपं छाटतात, मग तांबूस, लवचिक पालवी फुटते. बाया पहाटेच जंगलात शिरतात. दुपारी अंगणात अख्खं घर पुडके बांधायला बसतं. एका पुडक्यात ७० पानं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी, मग उन्हात वाळवण. सावलीबिवलीचे लाड नाहीत. चंद्रपूरकडे तर पान तोडताना मागे वाघ नाही ना, हेही बघावं लागतं. कनेक्टिकटवाले एवढी जोखीम घेत असतील असं वाटत नाही.

हे पान मग सोलापूर, सिन्नर किंवा तेलंगणात जातं, पोटात तंबाखू भरून घेतं आणि बिडी होतं. हाताने वळलेली, कागदाशिवाय, अस्सल पानातली. सिगारची सगळी लक्षणं जुळतात. कमी पडते ती लाकडी पेटी. फुप्फुसांना अर्थात पेटी दिसत नाही.

मित्राला बिडीचं बंडल दाखवलं. त्याने नाक मुरडलं: "वास फार येतो."

आणि ज्यांच्या अंगणात पुडके बांधले, ते? ते ओट्यावर बसून पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.