करवतीला फोडणीचं तेल

मॅनिटोबा, कॅनडा

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

पत्रास कारण, हिवाळ्याची लाकडं आणि ती कापणाऱ्या चेन सॉला कुठलं तेल पाजावं यावरून घरात पडलेले दोन तट. बाबांचं मत, गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घाला, फुकटात काम होतं. आईचं मत, काय वाटेल ते घाला, पण माझ्या तेलाच्या डब्याला हात लावायचा नाही. तेलावरून आपल्या घरात आजवर जे वाद झाले ते वडे तेल किती पितात एवढ्यापुरतेच होते, म्हणून हा जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं असं की बाजारातलं चेन-ऑइल नको असेल, तर त्याला शहाणा पर्याय नेमका आईच्या डब्यातच आहे: ताजं, कोरं कॅनोला तेल.

आधी बाबांचा एक घोळ मिटवतो. चेतक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये आपण टू-टी ऑइल घालायचो, तसं ते या करवतीच्या पेट्रोलमध्येही लागतं, साधारण पन्नासास एक. तिथे खाद्यतेलाचा थेंबही चालणार नाही, इंजिन बसेल. मी म्हणतोय ते दुसऱ्या टाकीचं तेल, साखळीचं. साखळी पट्टीवरून सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते आणि हे तेल तिच्यासोबत पुढे जातं. गाडीतलं ऑइल इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. हे मात्र परत येत नाही. भुशात, बुंध्यावर, गवतावर आणि कापणाऱ्याच्या पँटवर उडून संपतं. पेट्रोलच्या एका टाकीमागे तेलाचीही जवळजवळ एक टाकी, म्हणजे पाव लिटरच्या आगेमागे. चार वेळा पेट्रोल भरलं की लिटरभर तेल जमिनीत गेलं म्हणून समजा.

जे तेल मुळात सांडण्यासाठीच भरायचं, ते निवडताना ‘यंत्राला काय मानवतं’ याच्याइतकंच ‘जमिनीला काय मानवतं’ हेही विचारायला हवं. इकडे गावाबाहेरच्या घरांना पाणी बहुधा स्वतःच्या विहिरीचं असतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज होऊन आलेले धातूचे कण असतात आणि ज्वलनातून आलेली, कर्करोगाला कारण ठरणारी रसायनंही असतात. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून ते फासणं निराळं आणि त्याचा फवारा तोंडासमोर उडवणं निराळं. शिवाय ते कण करवतीचा तेलपंपही खातात; कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत त्याला स्पष्ट मनाई असते ती याचसाठी. खाद्यतेल मात्र मातीतले जंतू काही आठवड्यांत बरंचसं फस्त करतात. ऑस्ट्रियाने तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच साखळीसाठी खनिज तेल वापरायला बंदी केली.

आता आईची हरकत: अन्न यंत्रात ओतायचं? आई, या तेलाचा इतिहास उलटा आहे. कॅनोला हे मोहरीच्या कुळातलं. त्याचा पूर्वज रेपसीड इथे दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर पेरला गेला तो जहाजांच्या वाफेच्या इंजिनांना वंगण हवं म्हणून. ओल्या, गरम धातूलाही ते तेल चिकटून राहायचं. युद्ध संपलं, मागणी आटली. पुढे बाल्डर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी या शास्त्रज्ञांनी त्यातलं नको ते आम्ल आणि उग्रपणा कमी करून ते खाण्याजोगं केलं. तसं पहिलं वाण १९७४ साली आमच्या याच मॅनिटोबात आलं. थोडक्यात, तेल यंत्राचंच होतं, फोडणीला ते नंतर आलं.

खरा आक्षेप वेगळाच आहे: खाद्यतेल हवेत राहिलं की चिकटतं. तळणाच्या कढईच्या काठाला जो पिवळा, नखाने खरवडूनही न निघणारा थर बसतो, तोच साखळीच्या सांध्यांत बसू शकतो. म्हणून सगळी तेलं सारखी नाहीत. जवस सर्वांत वाईट. ते सुकतं म्हणून तर क्रिकेटच्या बॅटला लावतात. करडईही त्याच वाटेची. एरंडेल धातूला उत्तम, पण पंपाला फार जाड. खोबरेल फारसं चिकटत नाही, पण चोविसेक अंशांखाली गोठतं, म्हणजे इथे ते उन्हाळ्यातही दगा देणार. दिवाळीच्या तळणाचं उरलेलं तेल तर नकोच; बेसनाचे कण तेलाची जाळी बुजवतात. राहतं कोरं कॅनोला. तेही करवत रोज चालणार असेल तरच. महिनाभर ठेवायची असेल, तर टाकी रिकामी करून, थोडं बाजारातलं चेन-ऑइल घालून दोन मिनिटं चालवावी.

कॅनोला पातळ असतं, हेही खरं. बाजारातल्या ऑइलमध्ये साखळीला धरून राहणारा चिकट पदार्थ घातलेला असतो, यात नसतो. म्हणून पंपाची मात्रा वाढवावी आणि पट्टीचं टोक ताज्या कापलेल्या बुंध्यासमोर धरून इंजिन रेस करावं. फिक्या लाकडावर तेलाच्या ठिपक्यांची रेघ उमटली की तेल पोचतंय. नाही उमटली तर कापू नये. पारा उणे वीसवर गेला की कॅनोला गोठायला येतं. तेव्हा मुकाट्याने हिवाळी चेन-ऑइल. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचंच वनस्पतिजन्य तेल घ्यावं. अशी तेलंही बहुधा रेपसीडचीच असतात, फक्त महाग.

बाबा, कोकणात कलमांची छाटणी आता अशाच करवतीने होते आणि बागेच्या उताराखाली आपली विहीर आहे. तिथे खोबरेल गोठणार नाही हे खरं, पण त्याचा भाव ऐकून आई करवतच जप्त करील. तेव्हा साधं चेन-ऑइल आणा किंवा जवस-करडई सोडून कोरं, स्वस्त खाद्यतेल वापरा. जळकं ऑइल मात्र गॅरेजवाल्याला परत द्या.

तुमचा,
धाकटा