अजून एक पाटा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअपना तोटा नाही. पण रिकामी असताना जिचं ढुंगण आभाळाकडे, ती दाजींची.

शोरूममधून निघालेली गाडी घरी पूजेला गेलीच नाही, थेट कमानपाटेवाल्याच्या दारात उभी राहिली. नारळही तिथेच फुटला. यू-बोल्ट सुटले, लांब सेंटर बोल्ट आला आणि कंपनीच्या पाट्यांत एक जाडजूड पाटा सरकला. पुढच्या हंगामात अजून एक. टोमॅटोचा क्रेट साधारण 20 किलोचा. 1,300 किलोच्या गाडीत हिशेबानं 65 बसावेत. दाजी शंभरावर थांबतात, तेही दोरी संपते म्हणून.

पाट्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. दाजींना हे गणित ठाऊक नाही, त्यांच्या मणक्यांना आहे. शिवाय पाटे वाढवले तरी एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं कंपनीचंच राहतं. काही पिकअपना मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा वॉल्व्ह असतो. चासी किती बसली यावरून तो वजन ओळखतो. पाटे ताठ केले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक हात राखून लागतो. मेकॅनिकनं हे सगळं बैजवार समजावलं. दाजींनी चहा संपेपर्यंत ऐकलं नि विचारलं, "मग अजून एक पाटा टाकला तर?"

घरीही तेच. पलंग कुरकुरला, टाक पाटा. मुलाला गणिताची शिकवणी लावली तर "एक पाटा वाढवला." पंगतीत जिलबीवाला समोर आला की "टाक अजून एक पाटा!" मध्यंतरी गुडघे धरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. आरटीओचं म्हणणंही हेच असतं, फक्त त्यांची फी जबर: 2019 च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000.

आता खरं सांगायचं तर हा नुसता हावरटपणा नव्हे. भाडं मिळतं क्रेटवर. डिझेल, टोल नि बँकेचा हप्ता मात्र क्रेट मोजत नाहीत. व्यापारी क्रेटमागे दोन रुपये वाढवून देत नाही, म्हणून कमानपाटेवाल्याचं दुकान चालतं.

आणि हेही सांगायला हवं. शेजारच्या म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं. तिला आणायला गाडी हवी, आणि दाजींची रिकामी पिकअप म्हणजे प्रत्येक गतिरोधकाला डोकं टपाला. दाजी पहाटे वावरात गेले, मातीची पोती भरली, हौद्यात रचली. कुणी विचारलं तर म्हणे, "टाकायचीत एका ठिकाणी." माती पुणे बघून आली आणि संध्याकाळी त्याच वावरात पडली.

म्हातारीनं आळीभर सांगितलं, दाजींची गाडी लोण्यासारखी चालते, लोक उगाच नावं ठेवतात. त्याच आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी गुडघे दाखवायला पुण्याला निघाल्या, आणि दाजी फावडं घेऊन पुन्हा वावरात.