पगारी, बिनपगारी आणि शेजारी

महाराष्ट्रात आधीच्या जाती कमी पडत होत्या म्हणून की काय, २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत चार नव्या जाती जन्माला आल्या. पहिली घरी बसून पूर्ण पगार घेणाऱ्यांची. दुसरी घरी बसून अर्धा पगार घेणाऱ्यांची. तिसरी घरी बसून नुसतंच बसणाऱ्यांची. आणि चौथी, रोज उठून कामावर जाणाऱ्यांची. या चारही जातींचं एका बाबतीत मात्र संपूर्ण एकमत होतं : चंगळ चाललीय ती दुसऱ्या जातीची.

विषाणूवरची लस आपल्याकडं २०२१च्या जानेवारीत टोचायला सुरुवात झाली. या पोटदुखीवर मात्र औषध निघालं नाही. कुणी शोधायलाही गेलं नाही, कारण ही पोटदुखी रोग्याला हवीहवीशी वाटते.

सुरुवात सरकारनंच करून दिली. मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सरकारी कार्यालयांतली उपस्थिती आधी २५ आणि मग थेट ५ टक्क्यांवर आली. शंभरातले पाच कामावर, पंच्याण्णव घरी. पाचांना वाटलं, पंच्याण्णव सुटले. पंच्याण्णवांना वाटलं, साहेबांनी यादीत त्या पाचांचीच नावं का घातली, आम्ही काय बिनकामाचे आहोत? एका परिपत्रकात शंभरच्या शंभर जणांना आपल्यावर अन्याय झाल्याचं समाधान मिळालं. इतकं समन्यायी वाटप शासनाला एरवी जमत नाही.

पुढं मार्चचा पगार दोन टप्प्यांत द्यायचं ठरलं. अ आणि ब वर्गाला आधी ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के आणि ड वर्गाला पूर्ण. राज्य स्थापन झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच अ वर्गातल्या माणसाला ड वर्गातल्या माणसाचा हेवा वाटला. सामाजिक समतेच्या दिशेनं टाकलेलं हे पाऊल होतं, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही.

डोंबिवलीतल्या एका चार मजली सोसायटीकडं पाहू. डोंबिवलीच का, तर हे शहर रोज सकाळी लोकलमध्ये बसून मुंबईला जातं आणि रात्री परत येतं. २२ मार्चच्या मध्यरात्री लोकल थांबली आणि कोण कुठल्या जातीचं हे जिन्यातच उघडं पडलं. कारण सकाळी जिना उतरणारे मोजकेच राहिले.

पहिल्या मजल्यावर मुंबईतल्या रुग्णालयात काम करणाऱ्या सिस्टर. त्यांच्या समोरच्या दारात एका हॉटेलात लग्नाचे हॉल सांभाळणारे गृहस्थ. हॉटेल बंद, हॉल बंद, आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा. गृहस्थ बिनपगारी रजेवर. सकाळी सहाला सिस्टर खाली उतरायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, आणि गणवेश तळाशी दडवलेला, कारण तो दिसला की गेटवरची माणसं दोन पावलं मागं सरायची. हॉटेलवाले तेव्हा गॅलरीत चहा घेऊन उभे. सिस्टरांनी वर पाहिलं की त्यांच्या मनात यायचं, काय सुख आहे! हॉटेलवाल्यांनी खाली पाहिलं की त्यांच्या मनात यायचं, हिला निदान कुठंतरी जायचं आहे!

नऊ वाजता दूरदर्शनवर रामायण लागायचं. पाचशे पानांची पंगत उठवणारा हा माणूस रामायण बघत चार माणसांपुरती मेथी निवडायचा, आणि त्यातही काड्या राहिल्या म्हणून बायकोची बोलणी खायचा. संध्याकाळी सिस्टर परतल्या की दारातच बादली ठेवलेली असे. कपडे त्यात, आंघोळ, मग घरात. मुलाला जवळ घ्यायचं नाही. दारं समोरासमोर उघडी असली की संवाद व्हायचा.

"तुमचं बरं आहे हो, घरच्या घरी."

"आमचं कसलं बरं? बरं तुमचं आहे. एक तारखेला मेसेज तर येतो!"

दोघंही खरं बोलत होते. भांडण खऱ्याखोट्याचं असतं तर मिटलं असतं. खऱ्या-खऱ्याचं होतं, म्हणून चाललं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्याची गोची वेगळीच होती. तो घरीही होता आणि कामावरही होता, म्हणून दोन्ही बाजूंच्या डोळ्यांत खुपायचा. कामावर जाणारे म्हणत, हा घरात. घरी बसलेले म्हणत, याला पगार. प्रत्यक्षात त्याचं ऑफिस शिवणयंत्राच्या टेबलावर थाटलेलं, मागच्या भिंतीवर मुलाच्या वर्गाचा आवाज, आणि पूर्वी साडेसहाला सुटणारा दिवस रात्री अकरापर्यंत लांबलेला. पण त्याचा अर्ध्या चड्डीतला फोटो ग्रुपवर फिरला आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही. वर शर्ट आणि खाली अर्धी चड्डी असलेल्या माणसाला दुःख असू शकतं, हे आपल्या संस्कृतीला मान्य नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे गुरुजी सगळ्यांचं सामायिक लक्ष्य. शाळा बंद आणि पगार चालू, म्हणजे तर पोटशूळच. पुढं शिक्षकांना कुठं रेशन दुकानावर, कुठं तपासणी नाक्यावर, कुठं घरोघरच्या सर्वेक्षणावर लावलं, तेव्हा सोसायटीला मनापासून बरं वाटलं. गुरुजींना काम मिळालं याचा आनंद नव्हता. त्यांचं बरं चाललेलं थांबलं, याचा होता.

जूनमध्ये नवा दागिना बाजारात आला : अत्यावश्यक सेवेचं ओळखपत्र. १५ जूनपासून लोकल सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. एका रात्रीत गळ्यातल्या पट्ट्याला मंगळसूत्राचा मान आला. ज्यांना एप्रिलमध्ये "बिचारे, जावं लागतं" म्हणत होते, त्यांनाच जूनमध्ये "काय बाबा, तुम्हाला लोकल आहे" म्हणू लागले. खासगी नोकरदार इंदिरा चौकात बसच्या रांगेत उभे राहायचे, तास-दीड तास, आणि रुळांवरून रिकामी गाडी गेली की तिच्याकडं पाहून दात-ओठ खायचे. काहींनी तर खोटी ओळखपत्रं छापली आणि पकडले गेले. ज्या कामाला जाण्याची एप्रिलमध्ये भीती वाटत होती, त्या कामाला जाता यावं म्हणून माणसं गुन्हा करू लागली.

कामावर जाणाऱ्यांचं कौतुक किती आणि कसं करावं, याबद्दलही शहराचा गोंधळ होता. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेनं आदेश काढला की, मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिकडंच राहावं, रोज ये-जा करू नये. ओरड झाली आणि आदेश बारगळला. पण सोसायटीतल्या पुष्कळांना तो मनातून पटला होता. थाळी वाजवताना माणूस लांब असलेला बरा, हे त्यामागचं तत्त्व.

आता साता समुद्रापलीकडं जाऊ. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा लंडनजवळ स्लाउला राहतो. तिथल्या सरकारनं ही पोटदुखी व्यवस्थित कायद्यात बसवली होती. २० मार्च २०२० रोजी अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी फर्लो योजना जाहीर केली. कंपनीनं कामगाराला काढू नये, घरी बसवावं. पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देईल. अट एकच : घरी बसवलेल्यानं त्या कंपनीचं तसूभरही काम करायचं नाही. ही अट १ जुलैला सैल झाली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारशेजारच्या दोन टेबलांपैकी एकाला सांगितलं, कामाला हात लावशील तर याद राख. दुसऱ्याला सांगितलं, दोघांचं काम तूच कर. भाचा दुसऱ्या टेबलावरचा.

त्यात निसर्गानंही तेल ओतलं. ब्रिटनमध्ये सूर्यप्रकाशाच्या नोंदी ठेवायला लागल्यापासून तोवरचा सर्वाधिक उन्हाचा वसंत ऋतू नेमका २०२०चा ठरला. जिथं ऊन पडणं हीच बातमी असते, तिथं सहकारी बागेत खुर्ची टाकून केळ्याच्या केकचे फोटो पाठवतो आहे, आणि आपण इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याची पत्रं निस्तरतो आहोत. शंभर टक्के पगार घेऊन भाच्याला वाटायचं आपण लुटले गेलो, वीस टक्क्यांत यानं अख्खा उन्हाळा विकत घेतला. आणि बागेतल्या माणसाला रात्री झोप नसायची. आपल्याशिवाय ऑफिस चालतंय हे एकदा मालकाला कळलं, की पुढचं पत्र कसलं येणार हे त्याला ठाऊक होतं. काकूंनी व्हिडिओ कॉलवर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल दिला, "म्हणजे तुमच्याकडंही आमच्यासारखंच!" २०२१च्या ३० सप्टेंबरला योजना संपली. तोवर १ कोटी १७ लाख नोकऱ्या तिच्या छायेखाली येऊन गेल्या होत्या आणि खर्च ७० अब्ज पौंडांच्या घरात गेला होता. शेजाऱ्याबद्दल जळायला सरकारनं दिलेलं हे जगातलं बहुधा सर्वांत मोठं अनुदान.

अमेरिकेनं तर कमालच केली. बेरोजगार भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा, जुलैअखेरपर्यंत. त्यामुळं कमी पगारावरच्या कित्येकांची कमाई काम सुटल्यावर वाढली. दुकानात गल्ल्यावर उभं राहून आल्यागेल्याचा श्वास झेलणारी बाई हिशेब करायची आणि पाहायची, की काढून टाकलेली मैत्रीण आपल्यापेक्षा जास्त मिळवते. तिथल्या पुढाऱ्यांना यात एकच चूक दिसली : घरी बसलेलीला जास्त मिळतं. गल्ल्यावरचीला कमी का मिळतं, हे विचारायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

आपल्याकडं असल्या चैनी नव्हत्या. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला की, बंद असलेल्या आस्थापनांनीही कामगारांना पूर्ण पगार द्यावा. मालक कोर्टात गेले आणि १८ मेपासून आदेशच मागं घेतला गेला. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची तरतूद होती, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. पण ती कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी, तीही पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी लागू नव्हती. हॉटेल कारखान्यात मोडत नाही, खाणीत मोडत नाही आणि मळ्यातही मोडत नाही. हॉटेलवाल्यांच्या वाट्याला आलं ते साहेबांचं "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं पत्र. कुटुंबातल्या माणसाला पगार द्यायचा नसतो, हे त्यात अध्याहृत होतं.

सोसायटीत तंटे वाढले तेव्हा एका सुज्ञ सभासदानं आचारसंहितेचा मसुदा ग्रुपवर टाकला. एक : "तुमचं बरं आहे" म्हणण्यापूर्वी समोरच्याच्या पगाराची पावती आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा, दोन्ही पाहावेत. दोन : गॅलरीत चहा पिताना खालून कामावर जाणारी व्यक्ती दिसल्यास चेहरा दुःखी ठेवावा. तीन : कामावर जाणाऱ्यांनी "आम्ही जिवावर उदार होऊन" हे वाक्य दिवसातून एकदाच वापरावं. चार : केक, डालगोना कॉफी आणि पाणीपुरी यांचे फोटो महिन्याच्या एक तारखेला टाकू नयेत. पाच : ज्याला हेवा करायचा असेल त्यानं तो आपल्या जिन्यापुरता करावा.

पहिल्या चार कलमांवर तीन दिवस खडाजंगी झाली. पाचवं बिनविरोध मंजूर झालं, कारण ते आधीपासूनच पाळलं जात होतं.

खरी गंमत तिथंच आहे. हॉटेलवाल्यांना सिस्टरांच्या पगाराचा हेवा वाटला, सिस्टरांना त्यांच्या गॅलरीचा. ज्या मालकानं एका सहीनिशी दीडशे माणसं बिनपगारी केली, त्याचा हेवा जिन्यात कुणाला वाटला नाही. तो कुठं राहतो हेच माहीत नव्हतं. दोन परिचारिकांचं काम एकीवर टाकणारा फलाणा अधिकारीही कुणाच्या डोळ्यांत खुपला नाही. डोळ्यांत खुपायला माणूस समोरच्या दारात राहावा लागतो. वरच्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जिन्यात भांडण चालू असेतोवर वर कुणी दार ठोठावायला येत नाही. संकट सरल्यावर घरी बसलेले कामावर परतले, काही परतलेच नाहीत, आणि त्यांचं काम ज्यांच्या अंगावर पडलं होतं ते त्यांच्याच अंगावर राहिलं. ते उतरवून द्या म्हणायला कुणी गेलं नाही, कारण एव्हाना सगळ्यांचा सगळा राग एकमेकांवर खर्च झाला होता.

आणि जिन्यात एक माणूस असा होता, ज्याचा हेवा कुणालाच वाटला नाही. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाई. सोसायटीनं मार्चमध्येच त्यांना गेटबाहेर थांबवलं. म्हणजे त्या घरी बसलेल्या. पण घरी बसून पगार घेणाऱ्यांत नाहीत. अत्यावश्यक तर अजिबात नाहीत, मग त्यांच्यावाचून चारही घरांत वाद पेटलेले असोत. कायद्यात नाव नाही, योजनेत नाव नाही. एप्रिलचा पगार दोन घरांनी दिला, मेचा एकानं. उरलेल्यांनी "सुरू झालं की बघू" म्हटलं. बाईंनी एकदा फोन केला तेव्हा हॉटेलवाल्यांनी सांगितलं, आमचाच पगार बंद आहे. ते खरंच होतं. आयटीवाल्यानंही तेच सांगितलं. ते खोटं होतं.

तेव्हा वाचकहो, पुढच्या महामारीपर्यंत एवढं करा. समोरच्या दाराकडं पाहून पोट दुखू लागलं, तर आधी दोघांच्या पगारपत्रकांवर सही कुणाची आहे ते पाहा आणि दुखणं तिकडं वळवा. आणि २०२०च्या एप्रिल-मेचा बाईंचा पगार अजून द्यायचा राहिला असेल, तर आज देऊन टाका. "सुरू झालं की बघू" म्हणाला होतात. सुरू होऊन फार दिवस झाले.