हरेल तो पिईल

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये इंजिनिअरिंगची पाच पोरं राहतात. शनिवारी रात्री पत्ते रंगतात. नियम एकच: हरेल त्यानं प्यायचं. मेंढीकोट खेळून म्हाताऱ्या झालेल्या आम्हाला यातली गोम लगेच कळते. प्यायलेला नीट खेळत नाही, म्हणून परत हरतो, म्हणून परत पितो. इतकी पक्की व्यवस्था आम्ही फक्त सावकारीत पाहिली होती.

कायद्याचं विचारू नका. महाराष्ट्रात बिअरला वयाची 21 वर्षं लागतात, व्हिस्कीला 25, शिवाय परवाना. एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो. चखण्यावर चारशे उडवणाऱ्यांना तेवढेच नेमके परवडत नाहीत.

यकृत मात्र कुणाच्या डावात भिडू नसतं. 60 मिलीचा पेग निपटायला ते दोन तास तरी घेतं. खेळात पुढचा पेग पाच मिनिटांत हजर.

परवा मी आवाजाची तक्रार घेऊन गेलो, तर एक गडी सोफ्यावर उताणा, तोंड उघडं. बाकीच्यांचं वैद्यकीय मंडळ बसलेलं. लिंबू पिळा, काळी कॉफी पाजा, शॉवरखाली धरा! यातल्या कशानंही दारू उतरत नाही, माणूस फक्त भिजतो. शेवटी ‘झोपू दे रे, सकाळी उतरेल’ हा ठराव एकमतानं पास.

पोरांनो, उताण्याच्या घशात उलटी अडकते. त्याला कुशीवर वळवा, एकटा सोडू नका, आणि हाकेला ओ देत नसेल तर 108 लावा. रुग्णवाहिका फुकट येते, परवानाही मागत नाही.